जो ॲम्प्लिफायर घुमत नाही त्याबाबत

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय त्र्याहत्तर, धंदा व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरची दुरुस्ती, दुकानामागच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. उजवा कानही ठिकाणावर आहे. डावा गेल्या वर्षापासून नाही. हात थरथरतो म्हणून अक्षर असे आले आहे. त्यावरून कोणी माझ्या मनाबद्दल अंदाज बांधू नये.

कोणाच्या दबावाखाली, कोणाच्या भरीला पडून किंवा कोणाच्या भीतीने मी हे करत नाही, असे इथे लिहावे लागते असे वकीलबाईंनी सांगितले. पहिल्या दोन गोष्टी मी लगेच लिहून दिल्या. तिसरीपाशी पेन थांबले. मी म्हटले, भीती आहे हो. त्या म्हणाल्या, मग हा कागद टिकायचा नाही. मी म्हटले, माणसाची नाही, एका तारेची आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तार कोणावर दबाव टाकते असे कायदा मानत नाही, असे सांगितले. म्हणून लिहिते की मला कोणाही माणसाची भीती नाही.

येत्या गुरुवारी माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. घाबरण्यासारखे काही नाही असे डॉक्टर म्हणाले. हेच वाक्य मी उभा जन्म गिऱ्हाइकांना ऐकवत आले, आणि ते कुठल्या ॲम्प्लिफायरबद्दल बोलायचे हे मला नेमके ठाऊक आहे. तेव्हा जे काय लिहायचे ते गुरुवारच्या आत.

कलम १. दुकानावरचे राहते घर माझ्या मुलीला द्यावे. घर माझ्या आणि यजमानांच्या कमाईचे आहे, त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. जिन्याखालचा मेन स्विच मी रोज झोपताना बंद करते. मुलीने ती सवय पुढे चालू ठेवावी, अशी इच्छा आहे, अट नाही. फ्रिजमधले दूध नासते हे मला माहीत आहे, पुन्हा सांगू नये.

कलम २. बँकेत जे आहे ते मुलगा आणि मुलगी यांनी निम्मे निम्मे घ्यावे. मोजताना भांडू नये. भांडलेच तर फोनवर भांडावे, समोरासमोर नको. दोघांचाही रक्तदाब माझ्यावर गेला आहे.

कलम ३. कपाटातले सगळे जुने व्हॉल्व्ह, म्हणजे ॲम्प्लिफायरमध्ये तापणाऱ्या काचेच्या नळ्या, मुलाला द्यावेत. तो ते इंटरनेटवर विकणार हे मी धरून चालले आहे. त्यात गैर काही नाही, पण काय विकतो आहोत एवढे त्याला कळलेले असावे.

लग्नाआधी मी व्हॉल्व्हच्या कारखान्यात ऐकण्याच्या खोलीत कामाला होते. भिंतींना जाड कापूस, दाराला दार. आम्ही मुली ओळीने बसायचो, कानाला हेडफोन. व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये बसवायचा, तापू द्यायचा, मग रबरी टोकाच्या काडीने काचेवर हलकी टिचकी मारायची आणि तो काय बोलतो ते ऐकायचे. काही घुमे असतात, त्यांची घूं थांबत नाही. काही पुटपुटे, त्यांचे आतल्या आत तडतड चालते. काही टणके, टिचकी मारली की घंटेसारखे वाजतात आणि वाजतच राहतात. उरलेले मुके. मुक्यांचा ट्रे वेगळा, भाव वेगळा. त्या खोलीत मी शांततेला पहिला नंबर द्यायला शिकले. पुढे हे सगळे मला उलटे शिकावे लागले, ते कलम ७ मध्ये येईल.

एकाच दिवशी, एकाच बाईच्या हातून तयार झालेले दोन व्हॉल्व्हसुद्धा सारखे बोलत नाहीत. म्हणून ऐकून ऐकून जोड्या लावाव्या लागतात. कपाटात ज्या दोघांना लाल दोरा बांधला आहे त्यांची ताटातूट करू नये. आत लांब पट्टी असलेले जुने व्हॉल्व्ह आवाजाला फार गोड, पण जरा धक्का लागला की टणटण करतात, आमच्या थोरल्या नणंदबाईंसारखे. आखूड पट्टीचे शांत, विश्वासू आणि कोरडे, आमच्या जावयांसारखे. गाण्याला पहिले लावावेत, भाषणाला दुसरे. जावईबापूंनी राग मानू नये, मी रोजच्या वापराला आखूड पट्टीचेच लावते.

कलम ४. लांब पट्टीची सर्वांत चांगली जोडी मात्र मुलाला नाही. ती आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला द्यावी, ज्यांना दुकानात आम्ही पाठीमागे 'सोनेरी कान' म्हणतो. हे गृहस्थ एकच व्हॉल्व्ह तीनतीनदा परत आणून डोके उठवायचे. गेल्या वर्षी त्यांनी एक आणला आणि म्हणाले की डाव्या बाजूला बारीक सूं येते आहे. मी ऐकले आणि नाही म्हणून सांगितले. त्यांनी पुन्हा ऐकायला लावले, मी पुन्हा नाही म्हटले. मग ते माझ्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "बाई, राहू द्या. माझाच भास असेल." त्यांचा भास नव्हता. डावा कान गेल्याचे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळले. त्यांनी ते बाहेर कुठेही बोलून दाखवले नाही. त्या चांगुलपणाबद्दल मी त्यांना अजून माफ केलेले नाही. ही जोडी मिळाल्यावर आमचा हिशेब मिटला असे समजावे.

कलम ५. माझी उतरवायची काठी, रबरी टोकाची काडी आणि लाकडी स्टूल मुलीच्या मुलीला, म्हणजे माझ्या नातीला द्यावे. उतरवायची काठी म्हणजे लाकडी दांड्याला बांधलेली तार. ॲम्प्लिफायर बंद केला तरी त्याच्या पोटातल्या डब्यांमध्ये वीज भरून राहते, माणसाला उडवून देईल एवढी. आधी या काठीने ती जमिनीत उतरवायची, मग हात घालायचा. तोही एकच. दुसरा पाठीमागे. दोन हात घातले तर वीज एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघते आणि वाटेत काळीज असते.

नात लहान असताना दुकानात आली की मी तिला डावा हात पाठीवर ठेवूनच माझ्याजवळ उभी करायची. शाळेत बाई तिला विचारायच्या की तू शिक्षा झाल्यासारखी का उभी राहतेस. आता ती गाते. मुलीचे म्हणणे, मी पोरीला भित्री केली. तसे झालेले नाही, झाले असते तर बरे होते.

कलम ६. माझा टेबलावरचा रेडिओ इथल्या जवळच्या सभागृहाच्या जुन्या निवेदकांना द्यावा आणि देताना पुढची हकीकत वाचून दाखवावी. त्यांना ती माहीत आहे, पण आमच्या घरातल्या कोणी ती त्यांच्यासमोर कधी कबूल केलेली नाही.

आमच्या दुकानातून दुरुस्त होऊन गेलेला ॲम्प्लिफायर त्यांच्या टेबलावर होता. कार्यक्रमाच्या आधी त्यांनी एका हाताने माइक धरला आणि दुसऱ्या हाताने ॲम्प्लिफायर जरा बाजूला सरकवायला गेले. ते ओरडले नाहीत. ओरडता येत नाही. दोन्ही हात आवळले गेले, मान ताठ झाली, आणि समोर बसलेल्यांना वाटले की पुढचे वाक्य आठवत आहेत. झाडलोट करणाऱ्या बाईंनी प्लग ओढून काढला म्हणून ते वाचले. उजव्या हाताची दोन बोटे पुन्हा सरळ झाली नाहीत. मी तिथे तिसऱ्या रांगेत बसले होते. तेव्हापासून समोर कोणी बोलता बोलता थांबले की माझे हातपाय गार पडतात.

ॲम्प्लिफायर दुकानात आणून उघडला, तर आतली अर्थिंगची तार तुटलेली. तो माझ्या धाकट्या दिरांनी दुरुस्त केला होता. भावोजी म्हणाले, उंदराने कुरतडली. या उंदराने तार एका रेषेत, सरळ, कटरने कापावी तशी कुरतडली होती आणि उरलेल्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली होती. एवढा टापटिपीचा उंदीर मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. यजमानांनी भावाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "उंदीरच असेल." पाठचा भाऊ होता. पण त्या दिवसापासून दुकानातला प्रत्येक ॲम्प्लिफायर बाहेर पडण्याआधी यजमान स्वतः उघडून बघायचे, भावाला काही न बोलता, आणि भावोजी काही न बोलता बघू द्यायचे. यजमान गेले आणि ते बघणे थांबले. माझे हात तोवर थरथरू लागले होते. मी फक्त व्हॉल्व्ह ऐकते. बाहेरची कामे भावोजी एकटे करतात.

कलम ७. या कलमात देण्याघेण्यासारखे काही नाही. वकीलबाई म्हणाल्या की काढून टाका; पण हे वाचल्याशिवाय कलम ९ कोणाला कळणार नाही.

जुन्या ॲम्प्लिफायरला घूं असतेच. तारा इकडून तिकडे गेलेल्या असतात, माइक एका ठिकाणी जमिनीला जोडलेला, ॲम्प्लिफायर दुसऱ्या ठिकाणी, आणि दोघांच्या मध्ये वीज फेऱ्या मारत राहते. ती फेरी म्हणजे ती घूं. ती घालवायचे रास्त उपाय आहेत. तारांना पीळ घालून त्या कडेने न्यायच्या, माइकच्या वायरवरची जाळी एका टोकाला सोडवायची, जमिनीचे सगळे जोड एका जागी आणायचे. त्याला दोन दोन दिवस लागतात आणि तरीही थोडी घूं उरते. दुसरा उपाय चहा गार व्हायच्या आत होतो. प्लगमध्ये तीन तारा येतात; त्यातली तिसरी, अर्थिंगची, कापायची. घूं जागच्या जागी बंद. गिऱ्हाईक खूश.

ही तिसरी तार वर्षानुवर्षे काहीही करत नाही. तिच्यावाचून ॲम्प्लिफायर तसाच वाजतो, उलट जास्त छान वाजतो. पण आतले जुने वेष्टण एक दिवस सुटते आणि वीज लोखंडी सांगाड्यावर येते. तिसरी तार असेल तर ती वीज जमिनीत जाते, फ्यूज उडतो, चार माणसे आम्हाला शिव्या घालतात आणि घरी जातात. तार नसेल तर सांगाडा वीज घेऊन गप्प बसतो. कोणीतरी एका हाताने माइक आणि दुसऱ्या हाताने त्याला धरेपर्यंत.

म्हणून मी घुमणाऱ्या ॲम्प्लिफायरजवळ निवांत बसते. जो घुमत नाही त्याच्या खोलीत मला बसवत नाही.

कलम ८. गेल्या महिन्यात नातीचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि ठेवता ठेवता म्हणाली, "आजी, सांगायचंच राहिलं. छोट्या आजोबांनी सभागृहातला आपला ॲम्प्लिफायर काय मस्त केलाय. चालू आहे की बंद तेच कळत नाही."

मी तिला म्हटले, हात लावू नकोस. ती म्हणाली, "अगं, मला लावावाच लागतो. गाताना आवाज मीच कमीजास्त करते." तिच्या डाव्या हाताला ॲम्प्लिफायर असतो आणि उजव्या हातात माइक. येत्या शनिवारी तिचा मोठा कार्यक्रम आहे.

मी भावोजींना, म्हणजे तिच्या छोट्या आजोबांना, विचारले. ते हसले आणि म्हणाले, वहिनी, तुम्हाला आरशातसुद्धा वीज दिसते. मुलीला सांगितले. ती म्हणाली, काकांना असे विचारणे म्हणजे त्यांच्या तोंडात मारण्यासारखे आहे, आणि आई, तू कशाला घाबरत नाहीस ते एकदा सांग. तिचे चुकले नाही. मी लिफ्टला घाबरते, गिझरला घाबरते, फुग्याला घाबरते, वर हात करून दिवा बदलणाऱ्या माणसाला घाबरते. मी इतक्या गोष्टींना घाबरून ठेवले आहे की खरी घाबरायची गोष्ट आली तेव्हा माझ्यापाशी तिच्यासाठी वेगळा आवाजच उरला नव्हता.

शेवटी गुडघे धरत मी स्वतः सभागृहाचा जिना चढले. रखवालदाराने ॲम्प्लिफायर लावून दाखवला. व्हॉल्व्ह लाल झाले, काचा तापल्या. उजवा कान त्याच्याकडे करून मी उभी राहिले. काही नाही. घूं नाही, सूं नाही. इतके शांत व्हॉल्व्ह मी कारखान्यातसुद्धा ऐकले नव्हते. मला वाटले उजवा कानही गेला. मग रखवालदार खोकला आणि तो मला ऐकू आला, तेव्हा जास्त घाबरले. उघडून बघू द्या म्हटले, तर तो म्हणाला की तुमच्याच दिरांनी दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका म्हणून सांगितले आहे.

गुरुवारी मी परत आले नाही, तर ही भीती बाळगणारे दुसरे कोणी नाही.

कलम ९. दुकानाची जागा, यंत्रे आणि हत्यारे माझ्या धाकट्या दिरांना द्यावीत. ते या दुकानात मिसरूड फुटायच्या आधीपासून बसले आहेत आणि त्यांना दुसरे घर म्हणून नाही. मात्र अट अशी: शनिवारच्या आत त्यांनी तो ॲम्प्लिफायर, प्लगपासून पोटापर्यंत, शेजारच्या शिंपीदादांसमोर आणि नातीसमोर उघडावा आणि तिसरी तार अखंड असल्याचे दाखवावे. आदल्या दिवशी गुपचूप जाऊन ती जोडून घेतली तरी चालेल. मला फसवले तरी चालेल. कोणी काही विचारणार नाही. जोडाचा डाग ताजा दिसला तरी शिंपीदादांनी न दिसल्यासारखे करावे.

उघडायचा नसेल, तर त्यांनी या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करावी. वकीलबाईंनी सांगितले आहे की जो साक्षीदार असतो त्याला या कागदाने काही मिळत नाही. तसे झाल्यास दुकान नातीचे.

इथपर्यंतचा मजकूर रविवारी लिहून झाला. पुढचा मंगळवारचा आहे. वकीलबाई म्हणाल्या की आता सगळे नव्याने स्वच्छ लिहून काढा. मी नाही म्हटले. कोणती गोष्ट कशाच्या नंतर आली हे दिसले पाहिजे.

कलम १०. आज सकाळी भावोजींना बोलावले, समोर बसवले आणि कागद वाचायला दिला. शिंपीदादा दारात उभे होते, वकीलबाई माझ्या बाजूला. भावोजी सावकाश वाचतात. नणंदबाईंपाशी हसले. उंदरापाशी आले आणि हसू गेले. कलम ९ त्यांनी दोनदा वाचले. मग कागद टेबलावर ठेवून कडा सारख्या करत बसले.

मी म्हटले, "भावोजी, एवढं काय त्यात? जाऊन जोडून या. मी कोणाला काही बोलणार नाही."

ते म्हणाले, "वहिनी, तो एकच असता तर आत्ता जाऊन उघडला असता."

मी विचारले की किती आहेत. ते म्हणाले, "मोजले नाहीत."

मग स्वतःच बोलू लागले, माझ्याकडे न बघता. "गिऱ्हाईक डोक्यावर उभं असायचं. घुमतोय म्हणायचं. दादा असता तर दोन दिवस लावले असते. माझ्याकडून ते होईना, डोळे पुरेनात. पहिला कापला तेव्हा मला रात्रभर झोप नव्हती. काही झालं नाही. दुसरा कापला. काही झालं नाही. मग घाबरायचं राहूनच गेलं."

"निवेदकांचं झालं ना," मी म्हटले.

"ते उंदराचं होतं," ते म्हणाले, सवयीने. आणि मग तोंडावर हात धरून बसले.

आयुष्यभर मला सगळ्यांनी सांगितले की तू फार घाबरतेस. त्या क्षणी मला कळले की मी पुरेशी घाबरलेली नव्हते. मी एका सभागृहातल्या एका ॲम्प्लिफायरला घाबरत होते. आता तो कुठेही असू शकतो, कोणाच्या बैठकीत, कोणाच्या नाचाच्या वर्गात, एखाद्या दवाखान्याच्या कोपऱ्यात, चालू आहे की बंद ते न कळता.

शिंपीदादांना मी म्हटले की धावत जा आणि सभागृहातला प्लग काढा. कात्री गळ्यात अडकवलेलीच होती, ते तसेच गेले. परत आले तेव्हा प्लग त्यांच्या खिशात होता. "रखवालदार काढू देईना," म्हणाले, "म्हणून मी त्याला बाईंचा निरोप सांगता सांगता आधी उपटला आणि मग कापला." आधी उपटला ना, असे मी तीन वेळा विचारून घेतले. शिंपीदादा म्हणाले, "बाई, मी तुमच्या शेजारी जन्म काढलाय."

प्लग टेबलावर ठेवला. दोन वीत तार लोंबणारा मेलेला प्लग, भिंतीत नाही, कशात नाही. भावोजींनी स्क्रू ड्रायव्हर मागितला. त्यांनी डावा हात पाठीमागे नेला, कमरेवर घट्ट धरला आणि एका हाताने स्क्रू फिरवू लागले. एका हाताने ते काम नीट होत नाही, प्लग सारखा घसरत होता. शिंपीदादांनी बोटाने दाबून धरला. झाकण निघाले. तिसऱ्या पिनेचा स्क्रू रिकामा होता. हिरवी तार सरळ कापून, टोकाला चिकटपट्टी गुंडाळून, व्यवस्थित मागे दुमडलेली होती.

भावोजींचा डावा हात अजून पाठीमागेच होता. यापूर्वी मी त्यांना कधी हात पाठीमागे नेताना पाहिले नव्हते.

कलम ११. त्यामुळे आधीच्या कलमांत पुढील बदल करते.

कपाटातले व्हॉल्व्ह मुलाला न देता विकावेत आणि येणारा पैसा तार, प्लग आणि जाण्यायेण्याला लावावा. दुरुस्तीचे पैसे कोणाकडूनही घेऊ नयेत. मुलाने हे मनाला लावून घेऊ नये, विकायचे काम त्यानेच करायचे आहे. सोनेरी कान यांची जोडी त्यांनाच राहील. मात्र त्यांच्या घरचा ॲम्प्लिफायर आधी तपासावा. गेली दोन वर्षे त्यांनी घूंची तक्रार केलेली नाही, आणि असा माणूस तक्रार करत नाही याचा मला आज पहिल्यांदा अर्थ लागला.

दुकान नातीचे. तिने गाणे सोडू नये. भावोजींनी जे आठवेल ते तिला सांगावे आणि दोघांनी मिळून जावे. ती उघडेल, ते दाखवतील. जिथून पूर्वी घूंच्या तक्रारी यायच्या आणि मग यायच्या थांबल्या, तिथे आधी जावे. ज्यांनी भावोजींच्या कामाची तारीफ केली, त्यांच्याकडे त्याच दिवशी. आधी प्लग उपटावा, मग काठीने उतरवावे, मग एक हात. दुसरा पाठीमागे. हे भावोजींनाही लागू आहे. कोणी हसले तर हसू द्यावे.

शनिवारचा कार्यक्रम माइकशिवाय व्हावा. मी नातीला फोन केला. ती रागावली, मग म्हणाली, "शेवटच्या रांगेला ऐकू जाणार नाही, आजी." मी म्हटले, मग त्यांना पुढे येऊन बसू दे. जरा वेळाने तिने विचारले की छोटे आजोबा कुठे आहेत. समोर बसलेत म्हटले. तिने त्यांना फोन द्यायला सांगितला. ती काय बोलली मला ऐकू आले नाही, फोन त्यांच्या कानाला होता. ते नुसते हो म्हणत होते.

दुकानाच्या दारावर आजपासून पाटी लावली आहे: या दुकानातून ज्यांनी ॲम्प्लिफायरची घूं घालवून घेतली त्यांनी घरी पोचताच प्लग काढावा, सांगाड्याला हात लावू नये, आणि आम्हाला कळवावे, आम्ही येतो. पाटी मी सांगितली, अक्षर भावोजींचे आहे.

हे सगळे ॲम्प्लिफायर सापडेपर्यंत दुकान बंद करू नये. वकीलबाईंनी विचारले की शेवटचा सापडला हे कळणार कसे. कळणार नाही. म्हणून दुकान बंद करता येणार नाही.

कलम १२. या सर्वाची व्यवस्था वकीलबाईंनी पाहावी. त्यांच्या कचेरीतला उभा पंखा चालू करताना त्याच्या खांबाला हात लागतो, तो लावू नये.

माझ्यामागे कोणी माझ्याबद्दल बोललेच तर भित्री होती असे म्हणायला हरकत नाही. मात्र ते बोलून झाल्यावर प्रत्येकाने आपल्या घरातला एक तरी प्लग उघडून बघावा.

हे सर्व मी वाचून, ऐकून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करत आहे. कापलेला प्लग दोऱ्याने या कागदाला बांधला आहे. तो काढू नये.

ठिकाण: दुकानामागची खोली, टेबलाजवळ
दिनांक: ९ ऑक्टोबर, मंगळवार
(सही)

साक्षीदार पहिला: शेजारचा शिंपी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. प्लग आधी उपटला, मग कापला, हे मी शपथेवर सांगतो.
(सही)

साक्षीदार दुसरा: सही करणारीचा धाकटा दीर. वहिनींनी माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली. साक्षीदाराला या कागदाने काही मिळत नाही हे मला वकीलबाईंनी समजावून सांगितले, ते मला समजले. सही करता करता एक आठवला. शाळेतला आहे, प्रार्थनेच्या माइकचा. शाळा सुटायच्या आत तिकडे जातो.
(सही)